लिंकनच्या गावातल्या दोन रात्री

इलिनॉय राज्याची राजधानी कोणती असं विचारलं, तर आपल्याकडचे बहुतेक लोक शिकागोचं नाव घेतील. राजधानी आहे स्प्रिंगफील्ड. शिकागोपासून नैर्ऋत्येला सुमारे 200 मैल, चहूकडे मका आणि सोयाबीनची सपाट शेतं आणि मधोमध हे शहर. 2020च्या जनगणनेत इथे 1,14,394 माणसं मोजली गेली. शहराचा संसार चालतो तो सरकारी कचेऱ्यांवर, आणि शहराची ओळख एकच आहे: अब्राहम लिंकन. त्याचं घर, त्याची वकिलीची कचेरी, ज्या सभागृहात त्याने गाजलेलं भाषण केलं ते सभागृह, त्याच्या नावाचं ग्रंथालय आणि संग्रहालय, त्याची समाधी, सगळं इथे आहे. आणि याच शहरात, त्याच्या मृत्यूनंतर 43 वर्षांनी, गोऱ्या जमावाने दोन रात्री कृष्णवर्णीयांची घरंदारं जाळली आणि दोन कारागिरांना झाडाला लटकवलं. त्या आगीतून पुढे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी अमेरिकेतली सर्वांत मोठी संघटना उभी राहिली. स्प्रिंगफील्डचा इतिहास लिंकन आणि ती आग या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवूनच वाचायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

शहर राजधानी झालं ते राजकारणाच्या जोरावर. 1818 साली इलिनॉय राज्य झालं तेव्हा राजधानी होती मिसिसिपीच्या काठी फ्रेंचांनी वसवलेलं कॅस्कॅस्किया. 1820मध्ये ती व्हँडेलियाला गेली आणि वीस वर्षं तिथेच राहील असं ठरलं. तोवर उत्तरेकडच्या काळ्या कसदार जमिनीवर वस्ती वाढत चालली होती आणि सँगमन नदीच्या खोऱ्यातल्या लोकांना राजधानी आपल्याकडे हवी होती. त्यांच्या गावाची आखणी झाली तेव्हा त्याला नाव दिलं होतं काल्हून, दक्षिण कॅरोलायनाचा पुढारी जॉन काल्हून याच्यावरून. लोकांच्या तोंडी मात्र स्प्रिंगफील्ड हेच नाव बसलेलं होतं आणि 1832मध्ये तेच कायम झालं. बरंच झालं म्हणायचं. फेब्रुवारी 1837मध्ये गुलामगिरी ही वाईट गोष्ट नसून उलट कल्याणकारी आहे, असं अमेरिकी सिनेटमध्ये उभं राहून सांगणारा माणूस तो हाच.

त्याच फेब्रुवारीत व्हँडेलियाच्या विधिमंडळात राजधानीचा निकाल लागायचा होता. ऑल्टन, पिओरिया, जॅक्सनव्हिल, खुद्द व्हँडेलिया, दावेदार पुष्कळ होते. सँगमन काउंटीचे नऊ प्रतिनिधी होते, सात कनिष्ठ सभागृहात आणि दोन वरिष्ठ. सगळेच धिप्पाड, त्यामुळे त्यांना नाव पडलं ‘लाँग नाइन’. त्यांच्यातला सगळ्यात उंच म्हणजे 28 वर्षांचा लिंकन. बाकीच्या भागांतल्या आमदारांना रेल्वे हवी होती, कालवे हवे होते, रस्ते हवे होते. सुमारे एक कोटी डॉलरच्या विकासकामांचा ठराव समोर होता. लाँग नाइननी त्या ठरावाला मतं दिली आणि बदल्यात राजधानीसाठी मतं गोळा केली. 28 फेब्रुवारीला चौथ्या फेरीत स्प्रिंगफील्ड जिंकलं. त्याच वर्षी देशभर मंदी आली, रेल्वे आणि कालव्यांची कामं अर्धवट पडली आणि राज्य पुढे कित्येक वर्षं कर्जात रुतून बसलं. तरुण लिंकनच्या खात्यावर हा व्यवहार मांडायलाच हवा. पण त्याच अधिवेशनात, राजधानीचं काम पदरात पडल्यावर तीनच दिवसांनी, 3 मार्च 1837 रोजी त्याने डॅन स्टोन या आपल्या एका सहकाऱ्याबरोबर सभागृहाच्या दप्तरात एक निषेध नोंदवला. गुलामगिरी अन्यायावर उभी आहे आणि ती वाईट धोरण आहे, असं त्यात म्हटलं होतं. अख्ख्या सभागृहात दोघांच्याच सह्या. सौदा करणारा राजकारणी आणि अन्यायाला अन्याय म्हणणारा माणूस, दोघेही त्याच्यात होते आणि शेवटपर्यंत राहिले.

दीड महिन्याने, 15 एप्रिल 1837 रोजी, उसन्या घोड्यावर बसून तो स्प्रिंगफील्डला राहायला आला. जोशुआ स्पीड नावाच्या तरुणाच्या दुकानात जाऊन त्याने एका माणसापुरत्या अंथरुण-पांघरुणाची किंमत विचारली. स्पीडने हिशोब केला, 17 डॉलर. तेवढे पैसे आपल्याकडे नाहीत, वकिली चालली तर नाताळपर्यंत देईन, नाही चालली तर कदाचित कधीच देता येणार नाहीत, असं लिंकन म्हणाला. त्याचा पडलेला चेहरा पाहून स्पीडने माडीवरच्या आपल्या खोलीत जागा देऊ केली. लिंकन खोगिराच्या पिशव्या घेऊन वर गेला, त्या ठेवल्या आणि हसत खाली आला. शहराशी त्याचा संबंध जोडला गेला तो असा, एका दुकानदाराच्या भलेपणातून. पुढची 24 वर्षं तो इथलाच होता. 1842मध्ये मेरी टॉडशी लग्न झालं, 1844मध्ये आठव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं घर त्याने दीड हजार डॉलरला घेतलं, एक मुलगा त्याच घरात गेला, वकिली वाढली तशी घरावर माडी चढली.

या गावात त्याचा एक न्हावी होता, विल्यम फ्लोरव्हिल. जन्म हैतीचा, वर्ण काळा. लोक त्याला बिली द बार्बर म्हणत. 1830च्या दशकाच्या सुरुवातीला तो इकडे आला आणि बघता बघता त्याचं दुकान म्हणजे गावातल्या वकील-पुढाऱ्यांचा अड्डा झालं. फ्लोरव्हिलने पैसा राखला, जमिनी घेतल्या, आणि त्या जमिनींचे कागदपत्र, कर वगैरे कामं लिंकन बघायचा. लिंकन अध्यक्ष होऊन वॉशिंग्टनला गेल्यावर डिसेंबर 1863मध्ये फ्लोरव्हिलने त्याला पत्र लिहिलं. मुलगा गेल्याबद्दल सांत्वन केलं, गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याबद्दल आभार मानले, आणि धाकट्या मुलाला, टॅडला, सांगा तुझा कुत्रा इथे मजेत आहे, असा निरोप दिला. राष्ट्राध्यक्षाला लिहिलेल्या पत्रात कुत्र्याची खुशाली कळवण्याइतका घरोबा त्या दोघांमध्ये होता.

पण फ्लोरव्हिलला मताचा अधिकार नव्हता. इलिनॉय हे नावापुरतं मुक्त राज्य होतं. 1853च्या कायद्याने बाहेरून आलेल्या कृष्णवर्णीय माणसाने दहा दिवसांहून जास्त मुक्काम केला तर 50 डॉलर दंड होता, आणि दंड भरता आला नाही तर त्याच्या श्रमाचा लिलाव. हा कायदा स्प्रिंगफील्डच्या विधिमंडळातच झाला आणि 1865च्या फेब्रुवारीत तिथेच रद्द झाला. गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला मान्यता देणारं पहिलं राज्यही इलिनॉयच, त्याच महिन्याच्या एक तारखेला. बारा वर्षांत एकाच दगडी इमारतीत एवढी उलथापालथ झाली. ती इमारत म्हणजे आज जिला जुनं स्टेट कॅपिटॉल म्हणतात ती. 4 जुलै 1837ला कोनशिला बसली, खर्च अंदाजाच्या दुपटीवर, सुमारे 2 लाख 60 हजार डॉलरवर गेला. ग्रीक धाटणीचे खांब, पिवळसर चुनखडीचा दगड. 16 जून 1858ला याच वास्तूत, सिनेटची उमेदवारी घेताना, लिंकनने बायबलमधला फुटलेल्या घराचा दाखला देऊन अर्धं गुलाम आणि अर्धं मुक्त असं राष्ट्र कायम टिकू शकत नाही, हे सांगितलं. ती निवडणूक तो हरला. 1860ची जिंकला. 11 फेब्रुवारी 1861च्या पावसाळी सकाळी स्टेशनावर चार शब्द बोलून त्याने गावाचा निरोप घेतला, तो परत आला शवपेटीतून.

3 मे 1865ला पार्थिव त्याच सभागृहात ठेवलं. रात्रभर रांग लागली होती. दुसऱ्या दिवशीच्या अंत्ययात्रेत लिंकनचा घोडा, ओल्ड बॉब, याचा लगाम धरून चालत होता हेन्री ब्राऊन नावाचा कृष्णवर्णीय धर्मोपदेशक. त्याने पूर्वी लिंकनच्या घरची कामं केलेली होती. शहरातल्या पुढाऱ्यांना समाधी भर वस्तीत, मॅथर यांच्या जागेवर बांधायची होती. मेरी लिंकनने साफ नकार दिला. गावाबाहेरच्या ओक रिज दफनभूमीतच, नाहीतर पार्थिव इथून हलवीन, असं तिने बजावलं. पुढाऱ्यांना ऐकावं लागलं. मग मॅथरची मोकळी राहिलेली जागा नव्या विधान भवनासाठी आली. 1868मध्ये त्याचं काम सुरू झालं आणि वीस वर्षं चाललं. 361 फूट उंचीची ती इमारत वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलपेक्षाही उंच आहे. राजधानी शिकागोला किंवा पिओरियाला हलवा अशी जी ओरड मधूनमधून व्हायची, ती या इमारतीने कायमची बंद केली.

ओक रिजमधली समाधी 1874मध्ये लोकांसाठी खुली झाली. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं होतं आणि ते अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थ त्याग केला त्यांना अर्पण केलं होतं. जोतीरावांच्या मनातली अमेरिका ही अशी होती. त्यांनी ज्या लोकांना वंदन केलं, त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या गावात पुढे काय घडलं, हे म्हणून मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं.

त्यानंतरची तीस-पस्तीस वर्षं मी भराभर ओलांडतो. कोळशाच्या खाणी निघाल्या, रेल्वेमार्ग आले, कारखाने आले. 1900मध्ये लोकसंख्या 34 हजार होती, 1910मध्ये ती साडेएक्कावन्न हजारांवर गेली. श्रीमंत वस्तीत फ्रँक लॉइड राइटने एक अप्रतिम घर बांधलं. कृष्णवर्णीय सुमारे अडीच हजार, म्हणजे शंभरात पाच-सहा. त्यांतले काही यादवी युद्धाच्या आधीपासूनचे, काही दक्षिणेतून नव्याने आलेले. त्यांची दुकानं, सलून, दारूचे गुत्ते ‘लेव्ही’ नावाच्या भागात होते आणि गरिबांची घरं ईशान्येकडच्या ‘बॅडलँड्स’ नावाच्या वस्तीत. नावावरूनच गोरं शहर तिकडे कशा नजरेने पाहायचं ते कळतं.

1908च्या जुलैच्या सुरुवातीला एका गोऱ्या कामगाराच्या घरात रात्री कोणी शिरलं, झटापट झाली आणि त्यात घरमालक मेला. आरोप आला जो जेम्स या अलाबामाहून आलेल्या तरुणावर. तो तुरुंगात होता. 14 ऑगस्टच्या सकाळी मेबेल हॅलम नावाच्या गोऱ्या स्त्रीने तक्रार केली की रात्री एका काळ्या माणसाने आपल्यावर अत्याचार केला. शेजारी बांधकामावर असलेला जॉर्ज रिचर्डसन हाच तो, असं तिने सांगितलं. वर्तमानपत्रांनी बातमी मोठ्या अक्षरांत छापली. दुपारपासून तुरुंगासमोर माणसं जमू लागली. शेरीफ चार्ल्स वेर्नरने आग लागल्याची खोटी वर्दी देऊन गर्दीचं लक्ष बंबाकडे वळवलं आणि मागच्या दाराने दोन्ही कैद्यांना मोटारीतून शहराबाहेर काढून ब्लूमिंग्टनच्या गाडीत बसवलं. मोटार हॅरी लोपर या गोऱ्या हॉटेलमालकाची होती. 1884मध्ये सिनसिनाटीत जमावाने कोर्ट जाळलेलं त्याने पाहिलं होतं. तसं इथे होऊ नये म्हणून त्याने गाडी दिली.

कैदी हातचे गेले हे कळताच जमाव लोपरच्या हॉटेलवर चालून गेला. पुढे होती केट हॉवर्ड, खानावळ चालवणारी बाई. रस्त्यावर उभी असलेली लोपरची मोटार उलटी करून पेटवली, हॉटेलची काच न् काच फोडली, दारूच्या बाटल्या, चांदीची भांडी लोकांनी उचलून नेली. त्या धुमश्चक्रीत एक गोरा तरुण मेला. मग जमाव लेव्हीकडे वळला आणि एकेक काळ्या माणसाचं दुकान धरून फोडत गेला. तिथून बॅडलँड्स. गोऱ्यांनी आपापल्या दारांवर पांढरी फडकी बांधली होती. ज्या दारावर फडकं नाही ते घर पेटवायचं. बंबवाले आले तर त्यांचे पाइप कापले गेले. चाळीसच्या आसपास घरं जळाली. लिंकनने तुम्हाला मोकळं केलं, आता तुमची जागा आम्ही दाखवतो, अशा आरोळ्या त्या रात्री ऐकू आल्याचं पुढे नोंदलं गेलं.

स्कॉट बर्टन हा न्हावी होता. पन्नाशी उलटलेला. बायकामुलांना त्याने आधीच बाहेर पाठवलं होतं आणि स्वतः घर राखायला मागे राहिला होता. जमाव आला तेव्हा त्याने बंदुकीचे बार काढले. लोक हटले नाहीत. त्याला ओढत नेऊन एका गुत्त्याजवळच्या झाडाला फाशी दिली आणि मग मेलेल्या देहावर गोळ्या झाडल्या. सकाळी लोक त्या झाडाच्या ढलप्या आठवण म्हणून घरी घेऊन गेले. जळक्या घरांची पोस्टकार्डं छापून विकली गेली. लिंकनचा न्हावी फ्लोरव्हिल 1868मध्ये वारला होता, मानाने, स्वतःच्या मालमत्तेचा धनी म्हणून. चाळीस वर्षांनी त्याच गावात त्याच धंद्यातल्या, त्याच्यासारख्याच स्वतःच्या हिमतीवर उभ्या राहिलेल्या माणसाचा हा शेवट झाला.

गव्हर्नर चार्ल्स डिनीन यांनी मिलिशिया बोलावली. शनिवारी, 15 ऑगस्टला, शहरात सैनिक दिसत होते आणि घरं सोडून आलेले कृष्णवर्णीय शस्त्रागाराच्या इमारतीत आसऱ्याला होते. रात्री जमाव आधी तिकडेच गेला. तिथे सैनिकांनी हुसकावून लावल्यावर तो स्प्रिंग आणि एडवर्ड्स या रस्त्यांच्या कोपऱ्यावर आला. त्या घरात विल्यम डॉनेगन राहायचा. ऐंशीच्या घरात गेलेला, संधिवाताने जखडलेला चांभार. आयुष्यभर जोडे शिवून त्याने घर बांधलं होतं, चार पैसे गाठीला होते. कोणत्याही गुन्ह्याचा त्याच्यावर साधा संशयदेखील नव्हता. त्याची बायको गोरी होती, आणि तीस वर्षांहून अधिक काळ त्यांचा संसार चालला होता. एवढंच कारण. त्याला अंगणात ओढून काढलं, गळ्यावर वस्तरा फिरवला आणि समोरच्या शाळेच्या आवारातल्या झाडाला दोरीने टांगलं. सैनिक पोचले तेव्हा त्याच्यात जीव होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात तो गेला. त्याच्या घरापासून विधान भवनाचा घुमट तीन-चार गल्ल्यांवर होता, म्हणजे मेरी लिंकनने नाकारलेली ती मॅथरची जागा.

या दंगलीचं कारण गुन्हेगारी असं त्या वेळी अनेकांनी सांगितलं. मला ते पटत नाही. मारले गेलेले दोघेही घरदार असलेले कारागीर होते, आणि लेव्हीत फोडलेली दुकानं चालत्या धंद्याची होती. जमावाला सलत होती ती या माणसांची बरी स्थिती. जे वर आले होते त्यांनाच नेमकं वेचून खाली ओढलं गेलं.

तिसऱ्या दिवसापर्यंत जवळपास चार हजार सैनिक शहरात आले आणि दंगल थांबली. शेकडो कृष्णवर्णीय कुटुंबं पायी, रेल्वेने, मिळेल त्या वाटेने निघून गेली आणि पुष्कळ जण परतलेच नाहीत. काही दिवसांतच मेबेल हॅलमने ग्रँड ज्युरीसमोर कबूल केलं की जॉर्ज रिचर्डसनने काहीही केलेलं नव्हतं. तो सुटला. जो जेम्सला मात्र 23 ऑक्टोबरला फाशी झाली. दंगलखोरांवर शंभराहून जास्त आरोप ठेवले गेले, साक्षीदार उलटले, ज्युरींनी सोडून दिलं. केट हॉवर्डने अटकेच्या वेळी विष घेतलं. डॉनेगनच्या खुनाचा खटला ज्याच्यावर चालला त्या फेरीवाल्याला अखेर शिक्षा झाली ती एका सैनिकाची तलवार चोरल्याबद्दल, 25 डॉलर दंड आणि 30 दिवस कैद. बर्टन आणि डॉनेगन यांच्या खुनाबद्दल एकाही माणसाला शिक्षा झाली नाही.

इथे गोष्ट संपली असती. त्या काळात अमेरिकेत असे झुंडबळी दरवर्षी डझनांनी होत होते आणि विसरले जात होते. पण विल्यम इंग्लिश वॉलिंग हा पत्रकार आपल्या पत्नीसह लगेच स्प्रिंगफील्डला आला, लोकांशी बोलला, आणि त्याला कुणाच्याही चेहऱ्यावर शरम दिसली नाही. 3 सप्टेंबर 1908च्या ‘द इंडिपेंडंट’मध्ये त्याने लेख लिहिला. दक्षिणेतली वांशिक हिंसा उत्तरेत पोचली आहे, लिंकनच्या दारात पोचली आहे, कृष्णवर्णीयांच्या मदतीला धावून येईल असा मोठा, वजनदार नागरिकांचा गट आज कुठे आहे, असा त्याचा सवाल होता. न्यूयॉर्कमध्ये समाजकार्य करणाऱ्या मेरी व्हाइट ओव्हिंग्टनने तो वाचून त्याला पत्र लिहिलं. एका छोट्या खोलीत बैठक झाली. तिथून ठरलं की लिंकनच्या जन्मशताब्दीला, 12 फेब्रुवारी 1909ला, देशाला जाहीर आवाहन करायचं. त्याचा मसुदा ऑस्वल्ड गॅरिसन व्हिलार्डने लिहिला. सह्या करणाऱ्यांत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस होते, आयडा बी. वेल्स होत्या, जेन अॅडम्स होत्या. त्यातूनच पुढे नॅशनल असोसिएशन फॉर द अॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल, म्हणजे एनएएसीपी, ही संघटना जन्मली. शाळांमधली वर्णविभागणी घटनाबाह्य ठरवणारा 1954चा निकाल याच संघटनेच्या वकिलांनी मिळवला.

आणि 12 फेब्रुवारी 1909ला स्प्रिंगफील्डमध्ये काय चाललं होतं? लिंकनच्या शताब्दीची मेजवानी. लिंकनचा मुलगा रॉबर्ट आला होता, ब्रिटन आणि फ्रान्सचे राजदूत आले होते, विल्यम जेनिंग्ज ब्रायनसारखा वक्ता आला होता. जागा होती शस्त्रागाराची तीच इमारत, जिथे सहा महिन्यांपूर्वी जीव मुठीत घेऊन कृष्णवर्णीय कुटुंबं आली होती. त्या मेजवानीत एकाही कृष्णवर्णीयाला ताट नव्हतं. त्यांनी आपला कार्यक्रम आपल्या चर्चमध्ये वेगळा केला.

त्या जाहीर आवाहनानंतर 1909च्या मे अखेरीस न्यूयॉर्कला जी पहिली परिषद भरली तिच्यात कोलंबिया विद्यापीठाचे दोन प्राध्यापक बोलले होते, जॉन ड्यूई आणि एडविन सेलिगमन. चार वर्षांनी, 1913मध्ये, बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर कोलंबियात दाखल झाले ते याच दोघांच्या हाताखाली शिकायला. 1946मध्ये डॉ. आंबेडकरांनी डुबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली आणि अस्पृश्यांची स्थिती त्यांच्याशी किती जुळते ते कळवलं. डुबॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिलं. जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेपासून या पत्रापर्यंत धागा आहे आणि तो स्प्रिंगफील्डच्या राखेतून जातो.

शहराने मात्र आपली आठवण दडपली. 1911मध्ये स्प्रिंगफील्डने कारभाराची नवी पद्धत स्वीकारली, ज्यात प्रभाग नव्हते, सगळे सदस्य सबंध शहरातून निवडून यायचे. परिणाम उघड होता. पुढची 75 वर्षं नगरमंडळावर एकही कृष्णवर्णीय माणूस बसला नाही. अखेर रहिवासी न्यायालयात गेले आणि 1987मध्ये फेडरल न्यायालयाच्या निकालाने प्रभाग आले. दंगलीच्या जागा दाखवणारे फलक लागले ते 1990च्या दशकात, आणि तेही शाळकरी मुलींनी मागणी केल्यावर. 2014मध्ये रेल्वेमार्गाच्या कामासाठी मॅडिसन रस्त्याजवळ खोदाई करताना 1908मध्ये जळलेल्या घरांचे पाये सापडले. विटांच्या भिंती, जळक्या मातीचा थर आणि त्या संसारातल्या वस्तू जमिनीखाली शाबूत होत्या. 16 ऑगस्ट 2024ला राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी ती सुमारे दीड एकर जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली.

त्याच्या सहाच आठवडे आधी, जुलै 2024मध्ये, स्प्रिंगफील्डलगत एका कृष्णवर्णीय स्त्रीने घराभोवती कोणी फिरतंय या भीतीने स्वतः पोलिसांना फोन केला. आलेल्या शेरीफच्या शिपायाने तिला तिच्याच स्वयंपाकघरात गोळी घातली. ती विल्यम डॉनेगनच्या वंशातली होती, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं. यावेळी गोळी घालणाऱ्यावर खटला चालला आणि ऑक्टोबर 2025मध्ये ज्युरीने त्याला दोषी ठरवलं. 1908मध्ये जे झालं नाही ते निदान एवढं झालं.

शिकागोत नोकरीनिमित्त राहणारी मराठी मंडळी सुट्टीत मुलांना घेऊन लिंकनची समाधी पाहायला जातात. जरूर जावं. स्कॉट बर्टन आणि विल्यम डॉनेगन यांनाही त्याच ओक रिज दफनभूमीत पुरलं आहे. समाधी पाहून झाल्यावर तिथल्या कचेरीत त्या दोघांची नावं सांगा, जागा विचारा, आणि मुलांना तिथेही घेऊन जा.